तीनतालाच्या फरशा

डोळ्यांवर खोका बांधून हवेत हात मारणाऱ्या माणसाच्या बाजूनं वाट काढत कपडे धुवायला जायची सवय व्हायला माझ्या आईला पुरता एक हिवाळा लागला. आमचं वॉशिंग मशीन बेसमेंटमध्ये, आणि बाबांचा गेमही बेसमेंटमध्येच. आई कपड्यांची बास्केट कमरेवर घेऊन जिना उतरायची, शेवटच्या पायरीवर थांबायची आणि ओरडायची, "मी येतेय! हात आवर!" बाबांना ते ऐकू जायचं नाही, कारण त्यांच्या कानात तबला चालू असायचा. मग ती भिंतीला पाठ लावून, पोट आत घेऊन, एकेक पाऊल सरकत मशीनपर्यंत पोचायची. दोनदा तिला फटका बसला. दुसऱ्यांदा थेट चष्म्यावर. त्या संध्याकाळी जेवायला नुसती खिचडी होती, पापड नाही, वर तूपसुद्धा नाही, आणि बाबांनी ती निमूटपणे खाल्ली.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. घर ओंटारियोतल्या मार्कहॅमला, एकसारख्या दिसणाऱ्या घरांच्या रांगेत, इतकं सारखं की पहिल्या हिवाळ्यात बाबांनी एकदा शेजाऱ्यांच्याच ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं उपसून टाकला होता. त्या घराची मला आठवते ती त्याची जाळी. बेसमेंटमधल्या फर्नेसमधून गरम हवा प्रत्येक खोलीत यायची, आणि हवेबरोबर खालचा सगळा आवाजही. माझ्या पलंगाशेजारच्या जाळीतून डग्ग्याचा 'घे' यायचा. आईच्या स्वयंपाकघरातल्या जाळीतून म्हणे बाबांच्या शिव्या यायच्या, नागपुरी. शाळेतून आलं की दारातच बूट काढताना मला कळायचं, आज काम पुढे सरकलंय की नाही. तबला चालू असेल तर ठीक. शांतता असली की मी पाय न वाजवता वर जायची.

आता हे लिहिताना एक कबूल करून टाकते. मी बाबांना अरे-तुरे करायची, आईलाही, आणि निम्मं बोलणं इंग्लिशमध्येच असायचं. मराठी लिहायला तर मी फार उशिरा शिकले. पण कागदावर हात आपोआप 'बाबा म्हणाले' असंच लिहितो, त्याला मी काय करू? बाबा समोर असते तर म्हणाले असते, "काहून गं सई, एवढा मान काहून देऊन राहिली? काय पाहिजे तुला?"

बाबांची नोकरी गेली ती पोहे खाता खाता. व्हिडिओ कॉल होता, दहा मिनिटांचा. बाबा नागपूरचे, त्यामुळे आमच्या पोह्यांवर हरभऱ्याची तिखट तर्री असायची, आणि आई पुण्याची, त्यामुळे ती दर वेळी नाक मुरडून म्हणायची, "पोह्यांवर कालवण ओतणारी माणसं!" त्या सकाळी ती काहीच म्हणाली नाही. बाबांनी लॅपटॉप मिटला, वाटीतली उरलेली तर्री पोह्यांवर ओतली, आणि म्हणाले, "चला, झालं." पुढचे दोन महिने ते अप्लाय करत राहिले. मग अप्लाय करणं कमी झालं आणि बेसमेंटमध्ये जाणं वाढलं. कॉलेजात असल्यापासून त्यांच्या डोक्यात एक गोष्ट होती म्हणे, तालाच्या आत चालत जाता आलं पाहिजे, अशी. आता ती करता येत होती.

गेम असा होता. तो व्हीआर हेडसेटचा खोका डोळ्यांवर चढवला की आपण आकाशात उभे. पायाखाली एक दगडी फरशी, शहाबादीसारखी, तरंगणारी. कानात ठेका सुरू व्हायचा आणि प्रत्येक मात्रेला पुढं एकेक फरशी उजळायची. मात्रेवर बोटाखालची कळ दाबली की उडी. आधी दाबलीत, पडलात. उशिरा दाबलीत, पडलात. पडणं म्हणजे खरोखर पोटात गोळा येणारं पडणं, ढगांतून खाली. समेवर मोठा चौथरा असायचा, तिथं क्षणभर जीव टाकायचा आणि पुढच्या आवर्तनाला लागायचं. पहिल्या दोन पातळ्या दादरा आणि केरवा, त्या सोप्या. तिसरी पातळी तीनताल. सोळा मात्रा, आणि त्यात 'खाली'. खालीत डग्गा गप्प होतो, नुसता तबला हलकेच वाजतो, हे तालाच्या वर्गात आठवडाभर बसलेल्यालाही ठाऊक असतं. बाबांनी काय केलं, डग्गा गप्प झाला की फरशांवरचा उजेडही घालवला. फरशा असायच्या, जागच्या जागी, पण काळोखात. न दिसणाऱ्या चार फरशांवरून नुसत्या मोजणीवर उड्या मारत जायचं, की मग उजेड परत. बाबांना त्या चार मात्रांचा फार अभिमान होता.

गेम तपासायचं काम माझ्याकडे. घरी आलं, दूध-बिस्किट खाल्लं, की खाली जाऊन खोका चढवायचा. मी ती तिसरी पातळी पहिल्या दिवशी चौथ्या प्रयत्नात पार केली. बाबांनी मला उचलून गरकन फिरवलं, पंधरा वर्षांच्या घोडीला! "सोपी आहे?" त्यांनी विचारलं. "इट्स फाइन, बाबा. मजा येते." खरंच येत होती. मला कुणी तबला शिकवला नव्हता, पण मी उंच खुर्चीत बसून वरणभात खात होते तेव्हापासून हा माणूस जेवणाच्या टेबलावर बोटांनी तीनताल वाजवत आलेला. तो माझ्या अंगात कधी गेला ते मलाच माहीत नव्हतं. मला वाटायचं, सगळ्यांना असंच ऐकू येतं.

या सगळ्यावर एक टांगती तलवार होती, तिचं नाव कॅल्गरी. तिथल्या एका कंपनीनं बाबांना नोकरी देऊ केली होती, पक्की, चांगली. पण आईचं फार्मसिस्टचं लायसन्स ओंटारियोचं, तिकडं न चालणारं, नॉर्थ यॉर्कच्या तिच्या दुकानात तिला बारा वर्षं झालेली, माझी हायस्कूलची मधली वर्षं. म्हणजे बाबा एकटे जाणार, विमानानं चार तास लांब, आणि सणावारी येणार. आईनं हे फार शांतपणे मांडलं. "अमोल, मार्च संपेपर्यंत ते थांबणार आहेत. तोवर तुझ्या या गेमला कुणी हो म्हणालं तर बघू. नाहीतर तू जा. मी आणि सई राहू." बाबा "हाव" म्हणाले. मी ताटातल्या फ्लॉवरकडे बघत बसले. मला बाबा जायला नको होते. इतकं सरळ होतं ते, आणि इतकं सरळ बोलायची आमच्या घरात कुणालाच सवय नव्हती.

संक्रांतीला आईनं मराठी मंडळातली पंधराएक माणसं घरी बोलावली. बाहेर उणे अठरा, हॉलमध्ये बुटांचा ढीग, तिळगूळ, गुळाच्या पोळ्या, आणि कुणीतरी आणलेला चीजकेक, त्यालाही हळदीकुंकवाच्या ताटाशेजारीच जागा. बाबांना हे आयतंच सापडलं. एकेकाला खाली नेऊन खोका चढवू लागले. आणि काय सांगू, माणसं पार करायला लागली! गेमबिम आयुष्यात न खेळलेली माणसं. पहिल्यांदा धडपडायची, दुसऱ्यांदा किंचाळायची, पण पाचव्या-सहाव्या खेपेला तीनतालातून बाहेर. शेवटी उषाकाकू आल्या. या आमच्या मंडळातल्या सगळ्यात जुन्या, ऐंशीच्या घरातल्या, रिटायर झालेल्या लहान मुलांच्या डॉक्टर. त्यांना आम्ही खुर्चीत बसवून खोका लावला. त्या पदर खोचून बसल्या, एका हातानं गुडघ्यावर ताल धरला, आणि दुसऱ्या हातानं कळ दाबत गेल्या. काळोखाच्या चार मात्रांत सगळं बेसमेंट श्वास रोखून उभं. काकू समेच्या चौथऱ्यावर पोचल्या आणि खोका न काढताच म्हणाल्या, "अमोल, अरे, हे तर आमच्या गुरुवारच्या भजनासारखंच आहे."

बाबा त्या दिवशी हवेत होते. पाहुणे गेल्यावर ताटल्या विसळताना आईला म्हणाले, "ऐंशीची बाई पार करून राहिली, मुक्ता! आता बोल." आईनं ताटली पुसत म्हटलं, "बोलते काय, केलं ना त्यांनी पार. छानच आहे." आणि ती हसली, बऱ्याच दिवसांनी. आज मला कपाळावर हात मारावासा वाटतो. आमच्यासारखी माणसं सोडून ही चूक कोण करणार? गेम तपासायला बोलावलेलं झाडून सगळं गाव टाळ्या वाजवत आरत्या म्हणून मोठं झालेलं! त्यांतल्या एकालाही खालीत भीती वाटणार नव्हती.

तीनेक आठवड्यांनी व्हिव्हियन घरी आली. ती माझी वर्गातली मैत्रीण, आईवडील हाँगकाँगचे, राहायला आमच्या मागच्याच गल्लीत. गेममध्ये तिला शाळेत कुणी हरवू शकत नसे, मुलगेसुद्धा तिच्याशी खेळायला टरकायचे. त्या दुपारी बाबा ग्रोसरीला गेले होते. व्हिव्हियननं पहिल्या दोन पातळ्या चुटकीसरशी संपवल्या. तिसरीत पडली. परत पडली. नऊ मात्रा बिनचूक, आणि मग दर वेळी एकाच जागी, डग्गा थांबला की तीही थांबायची आणि खाली. बावीस वेळा पडली ती. शेवटी खोका काढून जमिनीवर बसली, चेहरा पांढराफटक, आणि म्हणाली, "गाणंच मरतं गं मध्येच. मग मी पण मरते. हे कठीण नाहीये, हे दुष्ट आहे. तुझ्या बाबांना सांग."

मी हो म्हणाले. बाबा आले, हातात पिशव्या, टोपीवर बर्फ. मला बघून म्हणाले, "काय म्हणे तुझी चॅम्पियन? खेळली का?" त्यांचे डोळे असे लकाकत होते की काय सांगू. "तिला आवडला," मी म्हटलं. "शी लव्ह्ड इट." एवढंच. पिशवीतली मेथी काढून मी फ्रीजमध्ये ठेवली, आणि स्वतःला सांगितलं, एकटी व्हिव्हियन म्हणजे काही सगळं जग नव्हे. मग आणखी दोन मैत्रिणींना गुपचूप खेळवलं. त्याही तिथंच पडल्या. तेही मी सांगितलं नाही. खोटं बोलणं पहिल्यांदा जड जातं, नंतर ते नुसतं चालू ठेवायचं असतं.

फेब्रुवारीच्या शेवटी नॉर्थ यॉर्कमधल्या एका लहानशा कंपनीनं बाबांना बोलावलं. असे गेम घेऊन ते पूर्ण करून बाजारात आणणारी. शाळेला सुटी होती म्हणून मीही गेले, लकी चार्म म्हणून, असं बाबाच म्हणाले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि आईनं डब्यात सगळ्यांना पुरतील एवढ्या खोबऱ्याच्या वड्या दिल्या होत्या. उंच इमारतीतला अकरावा मजला. मॉरीन नावाची बाई तिथली मुख्य, केस पांढरे, पायात बर्फातले बूट तसेच, बोलायला मोकळी. तिच्याबरोबर दोन तरुण. आधी एक तरुण खेळला. पहिली पातळी, दुसरी पातळी, मान डोलवत. तिसरीत नवव्या मात्रेनंतर थांबला आणि पडला. "आवाज जातोय," तो म्हणाला. दुसरा खेळला, तोही पडला. "ऑडिओ कट होतोय. आणि टाइल्सही लोड होत नाहीत. बग आहे." ते दोघं आपसात बोलायला लागले, कुठली फाइल, कुठलं सेटिंग. बाबा मध्ये उभे, हात अर्धवट वर. "तो बग नाही," ते म्हणाले. "ती खाली आहे." कुणालाच काही कळलं नाही. मग मॉरीननं स्वतः खोका चढवला. ती सतरा वेळा पडली. मी मोजत होते. शेवटी तिनं खोका काढला, केस नीट केले आणि म्हणाली, "अमोल, सुंदर आहे. पण मला आत येता येत नाहीये. काही बदललं तर परत या, नक्की या." वड्या मात्र सगळ्यांनी खाल्ल्या.

परतीच्या रस्त्यावर चिखलबर्फ होता. वायपर घसघसत होते. बाबा म्हणाले, "त्यांना ऐकूच येत नाही, त्याला मी काय करू?" आणि मग थोड्या वेळानं, "पण तुझ्या व्हिव्हियनला तर आलं." मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं. "नाही आलं. ती बावीस वेळा पडली. आणि ऑलिव्हिया, आणि प्रिया पण. मला माहीत होतं, बाबा."

बाबांनी एका कॉफीच्या दुकानासमोर गाडी घेतली आणि बंद केली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "कधीपासून?" "तीन आठवडे." ते काचेतून बाहेर बघत होते. "सई, मी तुला टेस्टर म्हणून बसवलं होतं. मुलगी म्हणून नाही." माझा बांध फुटला. "मग टेस्टर ठेवायचा होतास! मी मुलगीच आहे! तू इतक्या महिन्यांनी हसत होतास, आणि मी सांगितलं असतं तर तू कॅल्गरीला गेला असतास. आय डिडन्ट वॉन्ट यू टु गो!" असं मी रडत, नाक पुसत, अर्धं मराठीत अर्धं इंग्लिशमध्ये ओरडले. बाबा दुकानात गेले, माझ्यासाठी हॉट चॉकलेट घेऊन आले, ते माझ्या हातात दिलं, आणि गाडी सुरू केली. इतका राग आलेल्या माणसानं आपल्यासाठी हॉट चॉकलेट आणावं, याचं मला त्या वयात फार वाईट वाटलं.

पुढचे तीन दिवस जाळीतून काहीच आवाज आला नाही. फक्त फर्नेस. बाबा हॉलमध्ये बसून कॅल्गरीतल्या भाड्याच्या जागा बघत होते. आई मला स्वयंपाकघरात कणीक मळताना म्हणाली, "तू त्याला वाचवायला गेलीस, आणि त्याला एकट्यालाच तोंडावर पाडलंस. कळतंय का?" मी मान हलवली. "मग नुसती मान काय हलवतेस? जे त्याला दिसलं नाही ते दाखव की." माझी आई अशी होती. लाड नाहीत, पण रस्ता बरोबर दाखवायची.

शनिवारी सकाळी मी व्हिव्हियनला घेऊन आले आणि दोघींनी मिळून बाबांना अक्षरशः ओढत खाली नेलं. "तू बस," मी म्हटलं, "आणि फक्त बघ." इतक्या महिन्यांत बाबांनी निवांत बसून कुणाला पडताना बघितलंच नव्हतं. आम्ही पार करायचो, मंडळ पार करायचं, आणि नॉर्थ यॉर्कला ते समजावून सांगण्यात गुंतले होते. आता ते पायरीवर बसले आणि व्हिव्हियन पडत राहिली. सहाव्यांदा पडल्यावर ते उठले, तिच्याजवळ गेले. "थांबतेस काहून तू?" त्यांनी इंग्लिशमध्ये विचारलं, ते 'काहून' माझं. ती म्हणाली, "कारण म्युझिक संपतं." "संपत नाही." "मला संपल्यासारखं ऐकू येतं, अंकल. सॉरी."

"बाबा," मी म्हटलं, "तिला आधी हातावर शिकव ना. टाळी आणि खाली." त्यांचा चेहरा आंबट झाला. नागपूरला त्यांच्या सरांनी त्यांना आठ महिने तबल्याला हात लावू दिला नव्हता. नुसतं मांडी घालून बसायचं, तोंडानं बोल म्हणायचे आणि हातावर ताल धरायचा. बाबा दहा वर्षांचे, खिडकीबाहेर मुलं क्रिकेट खेळतायत, आणि हे टाळी, टाळी, खाली, टाळी. तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की आपण कुणाचा असा छळ करायचा नाही. म्हणून त्यांच्या गेममध्ये पहिल्या क्षणापासून उड्या होत्या. "गेम आहे हा, क्लास नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "पण तू आठ महिने केलंस म्हणून तुला येतं. मी टेबलावर ऐकलं म्हणून मला येतं. हिनं कुठं ऐकायचं?"

बाबा खाली गालिच्यावर बसले, मांडी घालून. व्हिव्हियनला समोर बसवलं. पहिल्या मात्रेला टाळी. पाचव्या मात्रेला टाळी. नवव्या मात्रेला टाळी नाही, हात उताणा करून बाजूला न्यायचा, अलगद. तेराव्याला पुन्हा टाळी. आधी ती हसत होती. मग हसू गेलं आणि तिचा हात आपोआप बाजूला जायला लागला. मी जिन्यावर बसून बोल म्हणत होते, धा धिं धिं धा, आणि आमचं मशीन बाजूला कपडे घुसळत होतं. वीस मिनिटं, फार तर पंचवीस. मग तिनं खोका चढवला. खालीच्या मात्रेवर आली तेव्हा तिनं डावा हात बाजूला नेला, उजव्या हातानं कळ दाबत गेली, एक, दोन, तीन, चार, आणि उजेडात बाहेर पडून समेवर उभी. ती इतक्या जोरात किंचाळली की आई वरून धावत आली, हातात लाटणं. बाबा गालिच्यावर तसेच बसून होते. म्हणाले, "सर बरोबर होते बाप्पा."

पुढचे पंधरा दिवस जाळीतून दिवसभर आवाज येत राहिले. गेमच्या सुरुवातीला बाबांनी एक खोली बांधली. तिच्यात उड्या नाहीत, पडणं नाही. एक वयस्कर बाई समोर मांडी घालून बसलेली, तिचा आवाज आमच्या उषाकाकूंचा, त्यांच्या हेल काढलेल्या इंग्लिशमधला. ती टाळी द्यायची, आपण द्यायची. ती हात बाजूला न्यायची, आपण न्यायचा. चार आवर्तनं जमली की दार उघडायचं. आणि तिसऱ्या पातळीत काळोख तसाच ठेवला, त्याला हात लावला नाही. फक्त आपण हात बाजूला नेला की त्या चार फरशांच्या कडा फिकट दिसायच्या. हात नाही नेला तर नाही. ती युक्ती माझी, हे इथं नोंदवून ठेवते, कारण पुढे सगळीकडे बाबांचंच नाव झालं. या वेळी टेस्टर होते व्हिव्हियन, तिचा धाकटा भाऊ आणि समोरच्या घरातले पोस्टमन अंकल. कोण कुठं पडलं, ते सगळं मी वहीत लिहून रोज बाबांना वाचून दाखवलं. काही दिवस यादी पान भरून असायची. बाबा चिडायचे, "पुरे कर!" मी पुरी वाचायची.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बाबा नॉर्थ यॉर्कला दुसऱ्यांदा गेले तेव्हाही मी बरोबर होते. मॉरीन त्या पहिल्या खोलीत बराच वेळ रमली. तिच्याच ऑफिसात, तिच्याच माणसांसमोर, ती बाई लहान मुलीसारखी टाळी देत होती आणि हात बाजूला नेत होती. तीनतालात पाच वेळा पडली. सहाव्यांदा खालीत तिचा हात बाजूला गेला, आणि ती थांबली नाही. पार झाल्यावर तिनं खोका काढलाच नाही. "कुणी बंद करू नका," म्हणाली, "पुन्हा." बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं, कारण मला रडू येत होतं आणि ते तरुण माझ्यापेक्षा फार मोठे नव्हते.

उत्तर दोन दिवसांनी मेलवर आलं. संध्याकाळची वेळ, आई नुकतीच कामावरून आलेली, ओट्यावर कुकरची तिसरी शिट्टी. लॅपटॉप ओट्याच्याच टोकाला. बाबांनी मेल मोठ्यानं वाचली. हो होतं, पण पुरतं हो नव्हतं. तीन महिने. तीन महिने त्यांच्या ऑफिसात बसून गेम पूर्ण करायचा, मग पुढचं बघू. बाबांचा आवाज शेवटी शेवटी लहान झाला. कॅल्गरीला पक्की नोकरी होती, आणि त्यांना उद्या उत्तर हवं होतं. बाबांनी आईकडे बघितलं. खरं सांगते, मला वाटलं आता ही म्हणणार, अमोल, शहाणा हो, जा. ती तसं म्हणाली असती तर चूक नव्हतीच.

आईनं कुकरखालचा गॅस बंद केला. "माझ्याकडे काय बघतोयस?" ती म्हणाली. "कॅल्गरीला नाही म्हणून लिही."

"मुक्ता, तीनच महिने आहेत. नंतर..."

"नंतरचं नंतर. ही पोरगी तीन आठवडे खोटं बोलत राहिली, तू जाऊ नयेस म्हणून. मी तेसुद्धा केलं नाही, मी तर तुला जा म्हणाले." तिनं उगीचच ओटा पुसायला घेतला. "मलाही नकोयस तू जायला. घे, म्हटलं. आता लिही, मी विचार बदलायच्या आत."

बाबांनी खुर्ची ओढली. आभारी आहे, विचार केला, घरच्यांना सोडून येणं शक्य नाही, तेव्हा आपला प्रस्ताव स्वीकारता येत नाही, क्षमस्व. झरझर लिहिलं, एकदाही मागे न वळता. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. मजकूर चांगला होता, आणि घाईत तो त्यांनी समोर उघडलेल्या मेललाच उत्तर म्हणून लिहिला होता. वर मॉरीनचं नाव होतं. त्यांचं बोट बटणावर निघालं.

"बाबा, थांब!" मी ओरडले. "चुकलास. हे मॉरीनला चाललंय."

बाबांनी हात मागे घेतला, चटका बसल्यासारखा. नाव वाचलं. परत वाचलं. आई ओट्याला टेकली आणि तोंडाला ओलं फडकं लावून हसायला लागली, ती थांबेचना. बाबांनी घाम पुसला, लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला आणि खुर्चीतून उठून मला बसायला जागा दिली.

"तूच बघ सगळं," ते म्हणाले. "आणि जे चुकलं असेल, ते सांग."